खाऱ्या वाऱ्यातली जुनी सायकल: मापाची कशी निवडायची, कशी पारखायची

रत्नागिरीत भाट्याच्या पुलावरून रोज सकाळी कामाला येणाऱ्या गाड्यांच्या रांगेत चार-पाच सायकलीही असतात. त्यातली एक माझी. फणसोपच्या बाजूने घाटी उतरायची, झरी विनायकाशी सपाटीला लागायचं, डाव्या हाताला सुरूबन ठेवत पूल गाठायचा आणि मग शहरातला चढ. जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटर होतात. सहा वर्षं झाली, हे चालू आहे.

ही माझी दुसरी जुनी सायकल. पहिली २८०० रुपयांना घेतली होती. रंग चकचकीत, टायर नवे, घंटीसुद्धा नवी. घरी आणून सीट खाली करायला गेले तर सीट ज्या नळीवर बसते ती सीटपोस्ट फ्रेममध्ये गंजून धरलेली. मेकॅनिकने रॉकेल सोडून रात्रभर ठेवली, पाना लावून पिळली, शेवटी कापायला घेतली आणि कापताना फ्रेमच चिरली. विकणाऱ्याने ‘सीट वरखाली होते’ असं सांगितलं होतं. मी ती करून बघितली नव्हती. त्यात फ्रेम माझ्या उंचीला दोन इंच मोठी. आठ महिन्यांत सायकल भंगारात गेली.

म्हणून पहिल्यांदाच जुनी सायकल घेणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. बजेट चार ते सहा हजारांचं धरलंय. किनाऱ्यावर दोन गोष्टी आधी बघायच्या: सायकल आपल्या मापाची आहे का आणि गंज किती खोल गेलाय. कंपनी, गिअर, रंग हे सगळं त्यानंतर. चेन, टायर, ब्रेक, सीट, पायडल, सगळं बदलून मिळतं. फ्रेमचं माप बदलत नाही आणि फ्रेमच्या आत शिरलेला गंज काढता येत नाही.

आधी रस्ता मोजा

सायकल बघायला जायच्या आधी एक दिवस आपल्या रस्त्याने चालत किंवा रिक्षाने जा आणि चढ कुठे आहेत ते नीट बघा. कोकणात सपाट रस्ता म्हणजे खाडीकाठचा किंवा सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरचा. एकातून दुसऱ्यात जायला घाटी लागतेच. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सागरी मार्ग घेतलात तरी प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे परत चढायचं. मोटारसायकलवर हे जाणवत नाही, सायकलवर गुडघ्याला कळतं.

हे आधी करायचं कारण गिअरचा निर्णय यावर आहे. जुन्या काळ्या सायकलीला साधारणपणे पुढे ४४ दाती चेनव्हील (पायडलला जोडलेलं दातेरी चाक) आणि मागे १८ दाती फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेरी चाक) असतं. पायडलचा एक फेरा मारला की ती साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीवर हे झकास, घाटीत मात्र उतरून ढकलावी लागते. गिअरच्या स्वस्त सायकलीत पुढच्या तीन चेनव्हीलपैकी लहान २४ दात्यांचं आणि मागचं सगळ्यात मोठं २८ दात्यांचं असेल, तर तोच एक फेरा पावणेदोन मीटरच पुढे नेतो. म्हणजे वेग कमी, पण दम न लागता चढता येतं.

तुमचा रस्ता मांडवी ते राजिवडा एवढाच, म्हणजे सपाटीचा असेल तर गिअर नकोच. एकच छोटा चढ असेल तर एक जुनी युक्ती आहे: बिनगिअरच्या सायकलीचं १८चं फ्रीव्हील काढून २०चं किंवा २२चं बसवायचं. खर्च थोडका. चेनला एक-दोन कड्या वाढवाव्या लागतील. ४४ला २२ म्हणजे एका फेऱ्यात साडेचार मीटर, आणि तेवढ्या फरकाने पुष्कळ चढ पायाखाली येतात. रोज मोठी घाटी असेल तरच गिअरची घ्या, आणि तेव्हाही मागचे गिअर नीट पडतात ना एवढंच बघा. पुढचा गिअर बदलणारा भाग बिघडलेला असला तरी चेन लहान किंवा मधल्या चेनव्हीलवर कायमची ठेवून वर्षानुवर्षं चालवता येते.

मग स्वतःला मोजा

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. दोन्ही पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक आडवं धरा, कडा भिंतीला टेकलेली, आणि सीटवर बसल्यावर जेवढं वर दाबलं जाईल तेवढं वर घ्या. पुस्तकाची वरची कड जिथे येईल तिथे पेन्सिलने खूण करा. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या पायाची आतली उंची. माझी ७३ सेंटीमीटर आहे. हा एक आकडा लिहून खिशात ठेवा, सायकल बघायला जाताना मापाची टेप सोबत न्या.

आता विक्रेत्याच्या बोलण्यातला एक घोळ समजून घ्या. काळ्या सायकलीबद्दल बोलताना ‘बावीसची’, ‘चोवीसची’ म्हणतात तेव्हा ते फ्रेमचं माप असतं. जाड टायरच्या नव्या सायकलीबद्दल ‘सव्वीसची’ म्हणतात तेव्हा ते चाकाचं माप असतं. त्यामुळे ‘बावीसची सायकल सव्वीसपेक्षा लहान’ असं समजून लोक फसतात. बावीसच्या काळ्या सायकलीला २८ इंची चाकं असतात आणि तिची दांडी जमिनीपासून ८० सेंटीमीटरच्या वरच असते. ७३ सेंटीमीटर पायाच्या माणसाने त्या दांडीवरून उतरायचं म्हणजे रोजचा धोका.

फ्रेमचं माप बघायचं तर पायडलच्या एक्सलच्या मध्यापासून सीटच्या नळीच्या वरच्या तोंडापर्यंत टेप लावा. जाड टायरच्या किंवा साध्या शहरी सायकलीसाठी माझा ढोबळ हिशोब असा: उंची पाच फूट ते पाच-तीन असेल तर १४-१५ इंच, पाच-चार ते पाच-सहा असेल तर १६-१७, त्याहून उंच पाच-दहापर्यंत १८-१९. पण आकड्यापेक्षा उभं राहून बघणं खरं. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून सपाट जमिनीवर उभे राहा. दांडी आणि अंग यांच्यात किमान दोन बोटं, शक्यतो चार बोटं जागा हवी. आपल्याकडे कातळाचे उंचसखल रस्ते आहेत, एक पाय खड्ड्यात पडला तर ती चार बोटंच वाचवतात.

मग सीट. एक टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. असं झालं की पायाचा चवडा पायडलवर ठेवून चालवताना गुडघा हवा तेवढाच वाकतो. नवशिक्यांना सीट खूप खाली ठेवायची सवय असते, कारण दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे असतात. पंधरा दिवसांत गुडघे दुखायला लागतात आणि दोष सायकलीला दिला जातो. सीट वर काढताना सीटपोस्टवरची आडवी रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर काढूनच सीट बरोबर येत असेल तर फ्रेम लहान आहे.

हाताचं अंतरही बघायचं. हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं हवं. हात ताठ होत असतील आणि खांदे पुढे ओढले जात असतील तर फ्रेम लांब आहे. इंचभराचा फरक हँडलचा स्टेम, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा दांडा, बदलून भरून निघतो, तीन इंचांचा निघत नाही.

साडी किंवा ओढणी वापरणाऱ्यांनी आणि ज्यांना पाय उचलून दांडीवरून टाकणं कठीण जातं त्यांनी खाली वळलेल्या दांडीची लेडीज सायकल सरळ घ्यावी, पुरुषांनीही. मागे पोतं किंवा डबा बांधला असताना पाय मागून टाकता येत नाही, तेव्हा ही फ्रेम फार सोयीची पडते. चेनकव्हर असलेलीच बघा.

कोणत्या जातीची

बाजारात जुन्या सायकली साधारण तीन प्रकारच्या मिळतात.

काळी दांडीची सायकल मजबूत असते, पार्ट गावोगाव मिळतात, कॅरियरवर नारळाचं पोतं बसतं. पण जड, मापं मोठी आणि जुन्या सळीच्या ब्रेकचा पावसात भरवसा नाही. जाड टायरची, मोटारसायकलसारखी दिसणारी, पुढे-मागे शॉकॲब्झॉर्बर असलेली सायकल मुलांना आवडते म्हणून बाजारात हीच सगळ्यात जास्त. तिसरी साधी: शॉकॲब्झॉर्बर नाही, मध्यम जाडीचे टायर, आडवं हँडल.

माझं स्पष्ट मत तिसरीच्या बाजूने आहे. स्वस्त शॉकॲब्झॉर्बरच्या दांड्यांवर खारट हवेने दोन पावसाळ्यांत गंजाचे ठिपके येतात, मग ते आत-बाहेर सरकत नाहीत आणि नुसतं वजन उरतं. मागचा शॉक असलेली तर बघूच नका; चढावर तुमच्या पायांची बरीच ताकद ती स्प्रिंग दाबण्यात जाते.

ब्रेकची एक गोष्ट कोकणात सगळ्यात जास्त महत्त्वाची आहे आणि ती कोणी सांगत नाही. रिम लोखंडी, क्रोम केलेली असेल तर पावसात ओली झाल्यावर ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरतात. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड बरीच चांगली राहते. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आपण घाटी उतरणारी माणसं. फ्रिजवरचं एखादं चुंबक खिशात घेऊन जा. रिमला चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम. घाटी असेल तर ॲल्युमिनियम रिम किंवा डिस्कब्रेक, याला मी पर्याय मानत नाही.

टायरवरचे आकडेही वाचा. २६ × १ ३/८ आणि २६ × १.९५ दोन्हींना लोक ‘सव्वीस’ म्हणतात, पण एकीचा टायर दुसरीच्या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेला लहान अक्षरात ३७-५९० किंवा ५०-५५९ असं काही असतं. त्यातला दुसरा आकडा रिमचं माप आहे, तोच जुळला पाहिजे. सायकल घेण्याआधी आपल्या गावच्या दुकानात त्या मापाची ट्यूब आणि टायर मिळतो का ते विचारून या. बारीक टायरची ७००सीची (हेही चाकाचंच एक माप) सायकल कितीही देखणी असली तरी टायरसाठी आठवडाभर पार्सलची वाट बघावी लागणार असेल तर रोजच्या कामाला ती उपयोगाची नाही. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते, हाही फायदा लक्षात ठेवा.

शोधायची कुठे आणि केव्हा

चांगली जुनी सायकल बहुतेक वेळा ओळखीतून मिळते. दहावी-बारावी करून पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांच्या सायकली पडवीत उभ्या असतात. शेजारी, सहकारी, शाळेतले शिक्षक, दूधवाले, सगळ्यांच्या कानावर घालून ठेवा. सायकल दुकानदार जुनी बदलून घेतात आणि दुरुस्त करून विकतात. थोडे पैसे जास्त जातात, पण उद्या काही झालं तर माणूस समोर असतो.

कोणाचीही असो, पहिला प्रश्न हा विचारा: ही उभी कुठे असायची? समुद्रापासून शंभर पावलांवरच्या अंगणात चार वर्षं उभी असलेली सायकल आणि समुद्रापासून लांब देवरूखला किंवा लांज्याला जिन्याखाली उभी असलेली तितकीच जुनी सायकल, यांची तुलनाच नाही. मी दुसरी सायकल मुद्दाम संगमेश्वरच्या बाजूची घेतली. मुंबईच्या सोसायट्यांमधूनही चांगल्या, कमी वापरलेल्या सायकली निघतात. चाकरमानी नातेवाईक असेल तर त्यालाच बघायला सांगा. कोकण रेल्वेने सायकल पार्सल म्हणून पाठवता येते, पण सगळ्या गाड्यांत आणि सगळ्या स्टेशनांवर ती सोय नसते, आधी पार्सल ऑफिसात चौकशी करावी.

वेळ निवडता येत असेल तर पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास घ्या. मे महिन्यात प्रत्येक सायकल सुकी आणि बरी दिसते. चार महिने ओल खाल्ल्यावर जी धड आहे ती पुढेही टिकेल.

पालथी घालून बघा

भंगारात गेलेल्या सायकलीनंतर मी ओळखीच्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्या काकांना सोबत घेऊन गेले. पडवीत लाल रंगाची सायकल होती. मी रंग आणि सीट बघत उभी. काका म्हणाले, “अगो बाय, रंग काय बघतेस? आधी पालथी घाल तिला.” मी हँडल आणि सीट जमिनीला टेकवून सायकल उलटी केली. फ्रेमच्या आतून काहीतरी खुळखुळलं आणि पायडलच्या एक्सलच्या डब्याजवळच्या भोकातून तपकिरी पाणी गळायला लागलं, चहाच्या गाळासारखं. त्यात गंजाच्या पापुद्र्यांचे बारीक तुकडे. काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने डब्याशेजारी फुगलेल्या रंगावर नुसतं टेकवलं. टोक आत गेलं. आम्ही सायकल पुन्हा सरळ उभी केली, त्या घरच्या वहिनींनी दिलेलं कोकम सरबत घेतलं आणि निघालो.

तेव्हापासून माझी पारख अशी चालते.

पालथी घालून आधी खालचा डबा, मग तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या. कोकणातली सायकल इथून मरते, कारण सीटच्या नळीतून शिरलेलं पाणी इथे साठतं आणि चाकांनी उडवलेली लाल माती इथेच चिकटून ओल धरते. माती ओल्या फडक्याने पुसून काढा. माती तशीच ठेवून सायकल घ्यायची नाही. रंगाला फोड आलेत का, पापुद्रे सुटतायत का, ते बोटाने चाचपा. मग पान्याच्या दांड्याने नळ्यांवर हलकेच टकटक करा. धड नळी खणखणते, आतून खाल्लेली बद्द वाजते. चार ठिकाणी वाजवलंत की फरक कानाला आपोआप कळतो.

मग सीटचा नट ढिला करा आणि सीट पिळून वर-खाली करून बघा. विकणाऱ्याला करायला सांगू नका, स्वतः करा. हलली नाही तर ‘रॉकेल टाकलं की सुटेल’ असं उत्तर येईल. सुटेलही. पण सुटेपर्यंत सायकल तुमची नाही. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटपोस्ट असेल तर खारट ओलीत दोन धातू एकमेकांना जास्तच घट्ट धरतात. सुटली तर बाहेर काढून टॉर्चने नळीच्या आत बघा. तपकिरी धूळ चालेल, पापुद्रे नकोत.

पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या वरचा भाग आणि हँडलखालची जोडणी बघा. समोरून धडक बसलेली असेल तर हँडलच्या नळीच्या लगेच मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाला रंगाच्या सुरकुत्या पडतात किंवा बारीक फुगवटा येतो. सुरकुती दिसली तर तिथेच थांबा. सायकलीच्या मागे दहा पावलांवर उकिडवं बसून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का तेही बघा.

चाकं हाताने फिरवा. ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवली की रिमला आऊट, म्हणजे डावी-उजवीकडे वाकडेपणा, किती आहे ते दिसतं. दोन-तीन मिलिमीटरचा आऊट मेकॅनिक काढतो. पण तारा आणि रिम जिथे भेटतात तिथे गंजाने निप्पल (तारेच्या टोकाचे छोटे नट) एकजीव झाले असतील तर आऊट काढताना तारा पटापट तुटतात, म्हणजे चाक नव्याने बांधायचा खर्च धरा. चाक धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित हाललं तर एक्सलवरचे कोन (छर्रे दाबून धरणारे नट) आवळून, छर्रे बदलून काम होतं. पायडलचे क्रँक (पायडल ज्यावर बसतं ते दांडे) धरून तसंच हलवा.

हँडलसाठी पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध आल्यावर खाचेत अडकल्यासारखं होत असेल तर वरचे-खालचे छर्रे आणि वाट्या झिजल्यात. महाग काम नाही, भावात धरून घ्या.

चेन मोजायला टेप लागेल. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि २४ कड्या पुढे जा. नवी चेन असेल तर ती पिन बरोबर १२ इंचांवर येते. १२ इंच आणि एक षोडशांश झालं तर चेन बदलायची. एक अष्टमांश वाढली असेल तर चेनसोबत फ्रीव्हीलचेही दाते गेलेत असं समजा, आणि गिअरच्या सायकलीत हा खर्च खिशाला जाणवतो.

ब्रेकच्या वायरी टोकाशी उसवल्यात का, बाहेरचं कव्हर वाकलेल्या जागी फुटलंय का बघा. त्या कशाही असल्या तरी मी बदलतेच, खारट हवेतली जुनी वायर मला घाटी उतरताना नको.

मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी, नट-बोल्ट यांवरचा गंज मनावर घेऊ नका. तो वरवरचा. उलट ताजा रंग मारलेली सायकल समोर आली तर सावध व्हा: नटाच्या आट्यांवर, चेनकव्हरच्या कडेला, स्टिकरवर रंगाचे शिंतोडे असतील तर फ्रेम सोलून नीट रंगवलेली नाही, गंजावरच स्प्रे मारलाय.

चालवून बघा

पंधरा मिनिटं मागून घ्या. अंगणात दोन फेऱ्या पुरत नाहीत. जवळचा एखादा चढ शोधा, उभं राहून जोर लावून पायडल मारा. चेन दात्यांवरून उडाली तर धक्का लगेच जाणवतो. आवाज ऐका. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टक् होत असेल तर दोष पायडल, कॉटर (क्रँक एक्सलला घट्ट धरणारी खीळ) किंवा एक्सलमध्ये; चाकाच्या फेऱ्याला होत असेल तर चाकात. खाली उतरताना आधी मागचा, मग पुढचा ब्रेक, हलक्या हाताने.

नंतर एक तांब्या पाणी मागा. दोन्ही रिमवर ओता, चाक फिरवा आणि सपाटीवर मंद वेगात ब्रेक दाबून बघा. लोक विचित्र नजरेने बघतात, बघू द्या. जुलैत भाट्याच्या उतारावर जे होणार ते इथेच, ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने कळतं.

पैसे आणि कागद

हातातल्या सगळ्या पैशांची सायकल घ्यायची नाही. तिसरा हिस्सा दुरुस्तीला बाजूला ठेवा. ५००० असतील तर ३३००-३५०० पर्यंतचीच बघा. आमच्याकडे साधारण ट्यूब दीडशे ते दोनशे, टायर चारशे-सहाशे, चेन दोनशे-तीनशे, वायरी आणि ब्रेकचे रबर मिळून दोनशे, आणि सगळे छर्रे काढून ग्रीस भरून देण्याची मजुरी चारशेच्या पुढे. याला मेकॅनिक ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. पारखताना जे जे बदलायचं दिसलं त्याची बेरीज कागदावर मांडा आणि ती बेरीज विकणाऱ्यासमोर ठेवून भाव करा. ‘थोडं कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘टायर आणि चेन मला घालावी लागणार, हे सातशे’ म्हटलं की बोलणं सरळ होतं आणि कोणाचा मान दुखावत नाही.

तशीच नवी सायकल आज कितीला आहे तेही आधी विचारून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या पावतीवरची किंमत दाखवून कोणी भाव सांगत असेल तर आजच्या किमतीशी तुलना करा. जुनी सायकल दुरुस्तीसकट आजच्या नवीच्या साठ टक्क्यांच्या वर जात असेल तर मी नवीसाठी आणखी दोन महिने थांबेन.

सायकलीला आरसी बुक नसतं, म्हणून कागद आपणच करायचा. फ्रेमवर कोरलेला नंबर बहुतेक वेळा खालच्या डब्यावर किंवा सीटच्या नळीवर असतो. त्याचा फोटो काढा. नंबर घासून काढलेला दिसला तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका. साध्या कागदावर तारीख, कंपनी, रंग, फ्रेम नंबर, रक्कम, ‘ही सायकल माझ्या मालकीची असून आज विकली’ एवढं लिहून दोघांच्या सह्या. मूळ पावती असेल तर तीही मागून घ्या. ओळखीतला माणूस असला तरी कागद करा, त्याने कोणी रागावत नाही.

घरी आणल्यावर

पहिल्या रविवारी सीटपोस्ट बाहेर काढून पुसा आणि ग्रीस लावून परत बसवा. स्टेमलाही तसंच. दर सहा महिन्यांनी हे करायचं. माझी पहिली सायकल फक्त एवढ्यामुळे गेली, आणि या कामाला दहा मिनिटं लागतात. सायकल पालथी घालून खालच्या डब्याचं पाणी जायचं भोक मातीने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा.

किनाऱ्याच्या रस्त्याने जात असाल तर आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, फडक्याने पुसायचं, उन्हात तासभर ठेवायचं आणि मग तेल. पाण्याचा जोराचा फवारा एक्सलवर मारू नका, ग्रीस धुऊन जातं. चेनला शिलाई मशीनचं तेल चालतं: प्रत्येक कडीवर एक थेंब, पायडल उलटं फिरवत, आणि पाच मिनिटांनी वरचं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून. हे पुसणं टाळू नका. वर राहिलेल्या तेलात जांभ्याची लाल धूळ बसली की तिची कानस होते आणि चेन झिजते. घरात असतं म्हणून खोबरेल तेल घालतात, ते करू नका. चिकट होऊन धूळ धरतं. नुसतं रॉकेलही नको, त्याने धुतलं जातं, वंगण होत नाही.

रात्री सायकल घरात किंवा निदान पडवीत, समुद्राच्या वाऱ्याला आड येईल अशा भिंतीमागे. प्लॅस्टिकने गुंडाळून ठेवू नका, आत घाम धरतो. मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा आणि हायवेवर जायचं असेल तर हेल्मेट, हे सायकल घेतानाच्या खर्चात धरा.

आणि मृग लागायच्या आधी ब्रेकचे रबर नवे घाला, जुने बरे दिसत असले तरी. जुन्या रबरात वाळूचे कण रुतलेले असतात, ते ॲल्युमिनियमची रिम खरवडतात. नवे बसवल्यावर पहिल्या दिवशी घाटी उतरताना ब्रेक थोडा आधीपासून धरायला लागा, रबर रिमवर बसायला तेवढा एक दिवस लागतो.